दहावा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

वही नवी आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. रविवारी पाच वाजता फोनवर जे सगळं सांगायचे ते आता सांगायला कुणी नाही, आणि डोक्यात साठवायला जागा नाही.

आज हे गेल्याचा दाखला आला. रजिस्टर पोस्टानं, दुकानाच्या पत्त्यावर, कारण दिवसा घरी कुणीच नसतं. डॉक्टरांनी सही करून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. डॉक्टर म्हणजे मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. ते डॉक्टर नाहीत, पण पांढरा कोट घालतात आणि गिऱ्हाईक डॉक्टर म्हणालं तर दुरुस्त करत नाहीत.

दोन पानं. अक्षरं तिकडची. मी दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग घेऊन बसले, जणू अक्षर मोठं झालं की कळायला लागेल. आकडे तेवढे कळले. जन्मतारीख. मृत्यूची तारीख, ९ जानेवारी. वेळ, सकाळी ६.४०. एक ते सोळा रकाने. प्रत्येकात काही ना काही टंकलेलं, फक्त दहाव्यात एक आडवी रेघ.

चौदा वर्षं हे तिकडे परदेशात लिफ्ट दुरुस्त करत होते. वर्षातून एकदा घरी यायचे, गेली दोन वर्षं तेही जमलं नाही. पण रविवारचा फोन चुकला नाही. पहिलं वाक्य ठरलेलं: "काय म्हणतंय आमचं कुटुंब?" आम्हाला मूल नाही, सासू-सासरे कधीच गेले. कुटुंब म्हणजे मी एकटी. जुने लोक बायकोला कुटुंब म्हणायचे ना, त्याची नक्कल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेली थट्टा, बावीस वर्षं शिळी झाली नाही. मीही मग म्हणायची, "कुटुंब बरं आहे, मालकांचं काय?"

९ जानेवारीला ह्यांच्या नंबरवरून फोन आला तेव्हा गुरुवार होता. मी म्हटलं, आज कसा काय? पलीकडे बाईचा आवाज. तिनं ह्यांचं नाव घेतलं, दोनदा. मग आपल्या भाषेतला एकच शब्द: "गेले." तो शब्द तिला कुणी शिकवला असेल? बोलणारी मालकीणबाई असणार. हे त्यांच्याकडे खोली घेऊन राहायचे.

मला व्हिसा मिळेपर्यंत तिकडच्या नगरपालिकेनं सगळं उरकलं होतं, म्हणून मी गेलेच नाही. रक्षा ठेवून दिली आहे. सहा महिने ठेवतात, म्हणजे ९ जुलैपर्यंत. तोवर कुणी मागितली नाही तर एका बागेत मिसळून टाकतात, सगळ्यांची एकत्र.

६ फेब्रुवारी, गुरुवार

त्या भाषेचे, सरकारी मान्यता असलेले अनुवादक आपल्या शहरात एकच. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून मास्तर. खोलीत कागद इतके की बसायची खुर्ची आधी रिकामी करावी लागते.

ते एकेका रकान्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होते. "रकाना नऊ. वैवाहिक स्थिती." थांबले. "अविवाहित."

"काय?"

"अविवाहित लिहिलंय. दहा, जोडीदाराचं नाव."

"रेघ आहे," मी म्हटलं.

"रेघ आहे," ते म्हणाले.

"मास्तर, चूक आहे ही. बावीस वर्षं झाली लग्नाला."

"असेल हो. पण कागदावर जे आहे तेच मला लिहावं लागतं. मी मनानं एक शब्द जरी बदलला तरी माझा शिक्का खोटा."

तेराव्यापर्यंत सरळ गेलं, मृत्यूचं ठिकाण घर, तेवढं नवं कळलं. चौदावा रकाना: खबर देणाऱ्याचं नाव आणि मृताशी नातं. तिथे ते उठले, पाणी प्यायले, परत बसले. "ह्या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द नाही," म्हणाले. "घरातली... घर सांभाळणारी, असं काहीतरी."

"घरमालकीण," मी मदत केली. "हे मालकीणबाई म्हणायचे. फार कडक आहेत म्हणे. नळ चालू राहिला की ओरडतात, ओले मोजे घातले की ओरडतात."

मास्तर चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, घरमालकीण. शिक्का मारला तो पुसट उमटला, म्हणून त्यावरच पुन्हा मारला. आता दोन दोन दिसतात.

त्यांचा चष्मा नाकावरून घसरतो, म्हणून वरून बघावं लागतं. दुकानात या, नाकाचे पॅड बदलून देते, असं सांगून आले.

रक्षा फक्त जोडीदाराला किंवा रक्ताच्या नातेवाइकाला देतात. म्हणजे आधी तो दहावा रकाना.

९ फेब्रुवारी, रविवार

नणंद आली होती. फाइल घेऊनच.

"हे बघ वहिनी, हा माझा जन्मदाखला, हा दादाचा. आईवडिलांची नावं तीच. बहीण म्हणून अर्ज केला की दोन आठवड्यांत रक्षा पार्सलनं घरपोच. मी फोन करून विचारलंय. तुझं काय होणार सांग. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. तू म्हणजे तूच, हे पटवण्यातच वर्ष जाईल."

"त्या अर्जात लिहावं लागेल ना, हे अविवाहित होते म्हणून?"

"लिहायचं कशाला? त्यांनी लिहिलेलंच आहे. आपण फक्त गप्प बसायचं."

"मी नाही गप्प बसणार."

"नको बसू. तू कागदाशी भांडत बस, आणि दादा जाऊ दे तिकडे बागेत, परक्या लोकांबरोबर."

चहा ठेवलेला तसाच टाकून गेली. तिचंही खरं आहे. तिला भाऊ हवाय, आणि तो दोन आठवड्यांच्या अंतरावर आहे. मध्ये मी उभी आहे. खरं लिहायचं तर मला आज कळेना, मला रक्षा हवी आहे की रकाना.

पाच वाजता फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. मुद्दाम नाही. पाय आपोआप गेले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लग्नाच्या दाखल्याची जुनी प्रत चालणार नाही. नवी काढायची, तिच्यावर आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग मास्तरांचा अनुवाद, मग तिकडे. मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर क्रम लिहून दिला. शाळेतला गृहपाठ.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिकडून खोकं आलं. ह्यांचं सामान. दोन पँट, तीन शर्ट, मफलर, दाढीचं सामान, घड्याळ, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, रेडिओ, आमचा फोटो, राखाडी स्वेटर, चष्मा. सोबत हातानं लिहिलेला एक कागद, तिकडच्या भाषेत. अकरा ओळी. वस्तू मोजल्या तर त्याही अकरा, खोकं धरून. सामानाची यादी असणार. सगळं पोचलंय, तेव्हा वाचून घ्यायची गरज नाही.

स्वेटर मी पाठवलेला नाही. हातानं विणलेला आहे, कोपर झिजलंय आणि तिथे जवळजवळ त्याच रंगाच्या लोकरीचं रफू. रफू सुबक आहे. मालकीणबाई कडक असल्या तरी हात चांगला.

चष्मा दुकानात नेला. फ्रेम मीच तीन वर्षांपूर्वी पाठवलेली, डाव्या काडीवरची माझी खूण आहे. सवयीनं यंत्राखाली धरला. नंबर माझा नाही. मी लावलेली काच एक पंचाहत्तरची होती, ही सव्वादोनची. दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर वाढलेला, आणि काचा नव्या, चांगल्या कंपनीच्या.

ह्यांना डोळे तपासायला न्यायचं म्हणजे लहान मुलाला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं. दुकानात मी असून चार-चार महिने टाळायचे. तिकडे आपण होऊन गेले? आणि इतक्या रविवारांत एकदाही बोलले नाहीत की, अगं, मला जवळचं दिसेनासं झालंय.

डॉक्टरांना विचारलं, नंबर वाढलेला माणूस बायकोला का सांगणार नाही? ते म्हणाले, "म्हातारे झालो हे कोण आपल्या तोंडानं सांगतं?" तसं असेल.

४ मार्च, मंगळवार

नोंदणी कचेरी. चार नंबरची खिडकी. आतल्या बाईंना सर्दी होती, टेबलावर रुमालांची रास.

"नवऱ्याचं नाव?"

मी चिठ्ठीवर लिहून सरकवलं.

"बोला हो मोठ्यानं. मी स्क्रीनकडे बघू की चिठ्ठीकडे?"

बावीस वर्षांत मी ह्यांना नावानं हाक मारली नव्हती. कुणी मनाई केली नव्हती, पण 'अहो' जे पहिल्या दिवशी तोंडात बसलं ते बसलंच. आज पूर्ण नाव उच्चारलं, आणि क्षणभर मागे वळून बघावंसं वाटलं, ओ देतंय का कुणी.

"तुमच्या नावामागे काय लावू? सौभाग्यवती की श्रीमती?"

"तेच ठरवायला तर कागद काढतेय."

बाई हसल्या, मग त्यांना वाटलं हसायला नको होतं, मग शिंकल्या. श्रीमती लावलं.

२३ मार्च, रविवार

कागद जाऊन दहा दिवस झाले. उत्तर नाही. आज कुणाशीही बोलले नाही. संध्याकाळी दूध फुटलं तर "झालं!" म्हटलं, तेवढंच. स्वतःचा आवाज ऐकून दचकले.

१५ एप्रिल, मंगळवार

उत्तर आलं. तडक मास्तरांकडे गेले. त्यांनी वरचं पत्र वाचलं:

"विवाहाची नोंद तपासली. ती खरी दिसते. परंतु मृताने चौदा वर्षांपूर्वी निवासाच्या अर्जात स्वतः दिलेली माहिती तिच्याशी जुळत नाही. त्या माहितीनुसार तो अविवाहित असून मायदेशी परिवारातील एक सदस्य आहे. ही विसंगती का, याचा खुलासा पुराव्यासह करावा."

स्वतः दिलेली माहिती.

मास्तर काहीतरी समजावत होते. मी मागचे जोडकागद न बघता पिशवीत कोंबले आणि चालत घरी आले. अडीच मैल. म्हणजे रेघ त्यांच्या कारकुनानं नाही मारली. मला जेवण घालून, मी बांधून दिलेली बॅग उचलून, तिकडे उतरल्या उतरल्या ह्यांनी स्वतः सांगितलं की मला कुणी बायको नाही.

आज पहिल्यांदा नणंदेची बाजू मला बरोबर वाटली. सांगावं तिला, घेऊन टाक तुझा अविवाहित भाऊ.

१६ एप्रिल, बुधवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते जोडकागद काढले.

पहिला कागद आपल्या भाषेतला. ह्यांचं अक्षर! उजवीकडे कललेलं, काना जरा लांब. हा अर्ज तर इथेच भरला होता, घरी, जेवणाच्या टेबलावर. वैवाहिक स्थिती – काही लिहिलेलं नाही. जोडीदाराचं नाव – काही लिहिलेलं नाही. खाली प्रश्न: मायदेशी मागे कोण आहे? ह्यांनी लिहिलंय: कुटुंब. किती जण? एक.

सगळं आठवलं. मी भाजी निवडत होते. ह्यांनी विचारलं, "तुझं नाव काय लिहू, माहेरचं की सासरचं?" मी म्हटलं, कुठलं चालतं ते विचारून घ्या. "मग तेवढं उद्या भरू," म्हणाले. मग खाली काहीतरी खरडून एकटेच हसले. "काय लिहिलंत?" "कुटुंब लिहिलंय. अख्ख्या जगात कुणालाही कळेल." उद्या कुणी भरलं नाही. गडबडीत तसाच गेला तो अर्ज.

म्हणजे होते मी. कागदावर होते. एक.

त्यालाच टाचलेला तिकडच्या भाषेतला अनुवाद. खाली शिक्का. पुसट, दोनदा मारलेला.

दुकान डॉक्टरांवर टाकून धावले. मास्तरांनी आधी ह्यांचा कागद वाचला, मग स्वतःचा. पुन्हा ह्यांचा. चष्मा काढून ठेवला.

"परिवार लिहिलं मी."

"हो."

"त्यानं बायको लिहिली होती."

"थट्टेनं लिहिली होती, पण हो."

"माझे वडील आयुष्यभर आईला कुटुंबच म्हणाले. आमचं कुटुंब माहेरी गेलंय, आमच्या कुटुंबाला बरं नाही. मला कळायला हवं होतं हो. पुढे एकचा आकडा आहे! एका माणसाचा कसला परिवार? मी म्हटलं, आई असेल मागे. त्यावरून, आणि वरच्या कोऱ्या चौकटींवरून, तिकडच्यांनी ठरवलं अविवाहित."

मी त्यांच्यावर चिडायला गेले होते. पण मला इतकं हलकं वाटत होतं की चिडता येईना. उलट मीच त्यांना पाणी दिलं.

ते प्रतिज्ञापत्र करून देणार आहेत: चौदा वर्षांपूर्वीचा माझा अनुवाद चुकीचा होता, या शब्दाचा जुना आणि रूढ अर्थ पत्नी असा आहे. मी विचारलं, तुमच्या मान्यतेचं काय? म्हणाले, "काढून घेतील कदाचित. घेऊ देत. आता नवे दाखले येतायत, सगळ्या भाषांत एकदम छापलेले. रकान्याला नंबर, नंबराला अर्थ. मध्ये माणूसच नको. मास्तरच्या शिक्क्याला कोण विचारतंय?"

निघताना दारात म्हणाले, "एक चूक नकळत झाली, पण..." आणि थांबले.

"पण काय?"

"काही नाही. पॅड छान बसलेत. घसरत नाही आता."

४ मे, रविवार

नणंद आली. ह्यावेळी फाइल नव्हती. बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

"वहिनी, खरं सांग, दादा तुझ्याशी तासभर काय बोलायचा? माझ्याशी तीन मिनिटांत संपायचं त्याचं."

"मीच बोलायचे. ते ऐकायचे."

"स्वतःचं काही सांगायचा?"

"लिफ्टचं सांगायचे. कुठल्या इमारतीत कोण अडकलं ते."

"हं," म्हणाली. मग, "वीस जूनपर्यंत तुझं नाव लागलं नाही तर मी बहीण म्हणून अर्ज करणार. मग आडवी येऊ नकोस."

"नाही येणार."

चहा प्यायली. कपही धुऊन ठेवला. ती गेल्यावर आठवत बसले, की लिफ्टशिवाय ह्यांनी गेल्या काही वर्षांत काय सांगितलं होतं. बर्फ पडला, बर्फ वितळला. मालकीणबाईंनी रेडिओचा आवाज कमी करायला लावला.

१८ जून, बुधवार

आला! दोन दिवस राखून आला.

नवा दाखला, नव्या पद्धतीचा. एकच जाड पान, छापील, प्रत्येक रकान्याखाली सात भाषा, त्यांत पाचवी आपली. भिंग लागलं नाही, मास्तर लागले नाहीत. रकाना नऊ, विवाहित. रकाना दहा, माझं नाव. माहेरचं आणि सासरचं दोन्ही, मध्ये तिरकी रेघ. तिकडच्या अक्षरांत आणि खाली आपल्या. मी काउंटरमागे बसून माझंच नाव पुन्हा पुन्हा वाचलं. गिऱ्हाईक आलं तर डॉक्टर म्हणाले, "पाच मिनिटं थांबा, बाई वाचतायत."

नणंदेला फोन केला. तिनं नाव दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "वेलांटी पहिली आहे की दुसरी ते बघ. नाहीतर परत सहा महिने." आणि मग रडायला लागली, आणि मीही.

बाकीचे रकाने उद्या वाचेन. आज दहावाच पुरे.

१९ जून, गुरुवार

रकाना चौदा. खबर देणाऱ्याचं मृताशी नातं. शब्द नाही, नुसता आकडा: ७.

आकड्यांचे अर्थ मागच्या बाजूला छापलेत. १ पती / पत्नी. २ आई / वडील. ३ मुलगा / मुलगी. ४ भाऊ / बहीण. ५ इतर नातेवाईक. ६ शेजारी. ७ सहचर / सहचारिणी, विवाहाविना एकत्र राहणारे. ८ घरमालक / घरमालकीण.

आठ नंबरला घरमालकीण आहे. मी तीनदा बोट ठेवून पाहिलं. पुढच्या बाजूला सातच आहे. छपाई स्वच्छ आहे. माझी नजर चांगली आहे.

भाडेकरूनं ओले मोजे घातले म्हणून कोण ओरडतं?

सव्वादोन नंबर. कोपराचं रफू. सकाळी सहा चाळीस, घरी. "गेले."

दुकानात आज एकाची काच कापताना चुकले. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

२० जून, शुक्रवार

कामावर गेले नाही. दुपारपर्यंत बसून होते. मग खोक्यातली ती यादी घेतली आणि मास्तरांकडे गेले. दाखल्याची मागची बाजू पुढे करून म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मनानं शब्द बदलला तर शिक्का खोटा म्हणाला होतात."

"खोटाच झाला." त्यांनी नजर चुकवली नाही. "पहिली चूक नकळत केली. दुसरी तुमच्याकडे बघून."

"शब्द तरी मीच सुचवला होता," मी म्हटलं. मग ती यादी दिली. "सामानच आहे ना हे?"

त्यांनी वाचलं. मनातल्या मनात, एकदा. मग मोठ्यानं, हळूहळू, एकही शब्द न बदलता. मी घरी येऊन आठवेल तसं उतरवून घेतलं:

"हे सामान तुमचं आहे.
स्वेटर मी विणला, नको असेल तर टाकून द्या.
चष्म्याची फ्रेम तुम्ही पाठवलेलीच आहे, तो दुसरी घेऊ देईना.
काचा बदलायला मी नेलं, फार कटकट केली.
आम्ही सहा वर्षं एका घरात होतो.
रविवारी त्याच्या फोनच्या वेळी मी बाहेर फिरायला जात असे, पावसातसुद्धा.
तुमचा फोटो मी कधी उचलून ठेवला नाही.
ते मला त्याची रक्षा देत नाहीत, म्हणतात तू त्याची कोणी नाहीस.
तुमचंही नाव नाही म्हणतात.
मी दर गुरुवारी तिथे जाऊन विचारते.
तुम्ही लवकर या, तिथे फार थंडी आहे."

अकरा ओळी. फेब्रुवारीपासून कपाटात होत्या.

मास्तरांनी चहा करून आणला. साखर विसरले. दोघं तसाच प्यायलो.

२१ जून, शनिवार

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. काल घरी आल्यावर राखाडी स्वेटर कात्रीनं कापायला घेतला. कोपराच्या रफूपाशी कात्री थांबली. मीही असते तर असंच केलं असतं, टाके असेच घातले असते. कात्री ठेवून दिली.

मला राग येतो. ह्यांचा येतो, आणि तो ऐकायला हे नाहीत. रविवारी तासभर मी इथलं सगळं भडाभडा सांगायचे, आणि तिकडे एक बाई पावसात फिरत असायची, माझं बोलणं संपायची वाट बघत. तिच्यावर यायला हवा तितका राग येत नाही. दर गुरुवारी ती त्या कचेरीच्या खिडकीशी उभी राहते. तिथल्या बाईंनाही सर्दी असेल.

सकाळी रक्षेचा अर्ज भरायला घेतला. हा अजून जुन्याच पद्धतीचा आहे, आपल्या भाषेत लिहायचा आणि अनुवाद जोडायचा. रक्षा कुणाला द्यावी? दोन ओळी आहेत. दोन ठिकाणी विभागून हवी असेल तर दुसरी ओळ भरायची, आणि ती भरायचा अधिकार फक्त पहिल्या ओळीतल्या जोडीदाराचा. पहिलीत माझं नाव लिहिलं. नातं, पत्नी. पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

नणंदेला फोनवर सगळं सांगितलं. 

"म्हणजे दादा येणार नाही?"

"येतील की. थोडे इथे येतील, थोडे तिथे राहतील. आयुष्यभर तेच केलं."

"वहिनी, तू वेडी आहेस." आणि जरा वेळानं, "पार्सल येईल त्या दिवशी मी तुझ्याकडे राहायला येते."

दुपारी मास्तरांकडे गेले. मान्यता अजून काढलेली नाही, चौकशी चालू आहे. हा बहुतेक शेवटचा कागद, म्हणाले. त्यांनी पहिली ओळ उतरवून घेतली. दुसऱ्या ओळीत मालकीणबाईंचं नाव, तेही उतरवलं. मग बोट पुढच्या चौकटीवर आलं.

"नातं," त्यांनी वाचलं. "कुटुंब."

पेन कागदावर टेकवून ते थांबले. चष्मा घसरला नव्हता, तरी वरून बघितलं.

"ह्याचा अनुवाद काय करू?"

"मागच्या वेळी केला होतात तोच करा."

त्यांनी लिहिलं. शिक्का मारला. पुसट उमटला, त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी म्हटलं, राहू दे, वाचता येतोय.

उद्या रविवार. पाच वाजता मी जरा बाहेर जाऊन येईन म्हणते.